अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा ब्लाऊज बसत नाही, यात चूक कुणाची?

अबोली५१

भाचीच्या लग्नासाठी माझ्या लग्नातला शालू कपाटातून काढला. शालू शाबूत आहे, जर जराशी काळवंडलीय एवढंच. ब्लाऊज मात्र दंडात अडकला. कोपरापर्यंत सुरळीत गेला, मग पुढे जाईना की मागे येईना. मी आरशासमोर एक हात वर करून उभी, आणि दारातून जाऊबाई म्हणतात, "किती शेलाटी होतीस गं तू! आता जरा मनावर घे."

घेतलं मनावर. म्हणूनच हा धागा.

लग्नात मी २३ वर्षांची होते, उंची पाच फूट एक, वजन ४४ किलो. आता वय ५१, वजन ६३. त्या ४४ किलोच्या मुलीचं सगळ्यांना अजून कौतुक आहे. तिचं हिमोग्लोबिन आठ होतं, जिना चढताना तिला धाप लागायची आणि लग्नानंतर दोन महिन्यांनी ती ओट्यापाशी चक्कर येऊन पडली तेव्हा घरात पेढ्यांची भाषा सुरू झाली होती. यातलं कुणाला काही आठवत नाही. अल्बममध्ये ती छान दिसते ना.

आठवडाभरात मला मिळालेले सल्ले असे. बाळंतपणात पोट बांधलं नाहीस, म्हणून सुटलं. चाळिशीनंतर शरीर मंदावतंच, आता रात्रीचं जेवण सोड. केस रंगव, भाऊजींपेक्षा मोठी दिसतेस. (भाऊजींची दाढी पूर्ण पांढरी आहे. त्यांना 'भारदस्त' म्हणतात.) रविवारी भाजीवाल्यानं मला 'आजी' म्हणून हाक मारली. त्यालाही दाढी होती.

मग मी जरा शोधाशोध केली. दवाखान्यांत उंचीप्रमाणे 'आदर्श वजना'चे तक्ते लावलेले असायचे, आठवतात? त्यांचं मूळ एका अमेरिकन विमा कंपनीत आहे. मेट्रोपॉलिटन लाइफनं १९४०च्या दशकात ते छापले. कोणत्या वजनाचे पॉलिसीधारक जास्त जगतात याचा तो हिशेब होता. त्यात लहान, मध्यम आणि मोठी चण असे तीन रकाने होते, पण चण मोजायची कशी हे कुणी ठरवलेलंच नव्हतं. बीएमआयची गोष्ट त्याहून जुनी. १८३०च्या दशकात बेल्जियममधल्या केतले नावाच्या खगोल-गणितज्ञानं वजनाला उंचीच्या वर्गानं भागलं. त्याला लठ्ठपणाशी काही देणंघेणं नव्हतं, तो 'सरासरी माणूस' शोधत होता. त्या भागाकाराला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिलं अन्सेल कीज यांनी, १९७२ मध्ये, सुमारे ७,४०० माणसांच्या अभ्यासावरून. त्या ७,४०० मध्ये बाई एकही नव्हती.

म्हणजे माझ्या पोटाबद्दल जाऊबाई, विमा कंपनी, बेल्जियन गणिती आणि सात हजार पुरुष असे सगळे बोलून झाले आहेत. मला जाणून घ्यायचंय की यातलं खरोखर शरीराचं काय आणि लोकांचं काय. कृपया 'तू आहेस तशीच सुंदर आहेस' असं लिहू नका. मला ब्लाऊज घालायचाय.

खडीसाखर

पहिली! माझा गेल्या वर्षी असाच अडकला होता. शेवटी कात्रीनं कापून मला बाहेर काढलं. लेक मदत सोडून व्हिडिओ काढत होती.

तिरपागडा

लेख खुसखुशीत आहे, पण मुद्दा पटला नाही. थर्मामीटर कोणत्या देशात बनला यावरून ताप कमी होत नसतो. आमच्या घरात आईला आणि मावशीला साखर, मावशीचा एक अंगठा गेला. दोघींनाही आम्ही 'वयानुसार थोडं वाढणारच' असं म्हणत होतो. 'शरीर बदलतं' हे खरं, पण ते वाक्य वडापावबरोबर फार छान जातं. दिवे घ्या.

काठापदर

आले! बायकांच्या वजनावर धागा निघाला की पहिल्या पाचात एक पुरुष आयडी हमखास.

वैदूबाई

तिरपागडा यांचा अर्धा मुद्दा बरोबर आहे, म्हणून आधी तो घेते.

युरोपीय माणसात ज्या बीएमआयला धोका सुरू होतो, त्याच्या आधीच तो आपल्याकडे सुरू होतो. म्हणून भारतीयांसाठी २३ च्या वर 'जास्त' आणि २५ च्या वर 'लठ्ठ' धरतात. अबोली, तुमचा साधारण २६ येतो. पण लग्नाच्या वेळचा तुमचा आकडा १८.३ होता. तो १८.५ च्या खाली, म्हणजे कुपोषणाच्या बाजूला. ओट्यापाशी पडलेली ती मुलगी तेव्हा आजारी होती. तिला कुणी 'मनावर घे' म्हटलं नाही, उलट हुंड्यासारखं तिचं नाजूकपण मिरवलं.

आता गंमत. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे इंग्लंडचे डॉ. युडकिन. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. दोघेही अंगानं सडसडीत. चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के, याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळं मोजली, तेव्हाही तेच दिसलं. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५. आपल्या बाळांत स्नायू कमी, पोट बारीक, पण कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ टिकून. हा 'बारीक पण चरबीदार' बांधा आपण पोटातूनच घेऊन येतो.

म्हणून वजनकाट्यावर रुसण्यापेक्षा टेप घ्या. बेंबीच्या जरा वर, श्वास सोडून, कंबर मोजा. भारतीय बाईसाठी मर्यादा ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच. माझ्याकडे ४८ किलोच्या, सगळ्या नात्यात 'मेंटेन्ड' म्हणून गाजलेल्या बायका येतात. त्यांची कंबर ८६ असते आणि साखर सीमेवर. त्यांना कुणीच सांगितलेलं नसतं, कारण त्या चांगल्या दिसतात.

'चाळिशीनंतर मंदावतं' याबद्दल. २०२१ मध्ये 'सायन्स'मध्ये एक मोठा अभ्यास आला, २९ देशांतली ६,४०० वर माणसं, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांपर्यंतची. शरीराच्या आकारमानाचा हिशेब वजा केला तर २० ते ६० या वयात ऊर्जेचा खर्च जवळजवळ सपाट राहतो. खाली येतो तो साठीनंतर. मग चाळिशी-पन्नाशीत पोट का येतं? पाळी थांबते, आपल्याकडे ती सरासरी ४६-४७ ला थांबते, आणि इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक कमी झालं की चरबी मांड्या-नितंबांवरून पोटाकडे मुक्काम हलवते. त्याच सुमारास स्नायू घटतात. एकूण वजन एक किलोही न वाढता कंबर दोन इंच वाढू शकते. रात्रीचं जेवण सोडलं तर चरबीबरोबर स्नायूही जातो, आणि नेमका तोच तुम्हाला पुढची तीस वर्षं लागणार आहे.

एक खेळ देते. हात छातीवर आडवे बांधून खुर्चीतून उठायचं आणि बसायचं, तीस सेकंद. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला १२ पेक्षा कमी वेळा जमलं तर सरासरीच्या खाली. अबोली पन्नाशीच्या आहेत, त्यांनी जास्त काढायला हवेत.

खडीसाखर

नऊ. आणि खुर्ची मोडली असं सांगणार आहे घरी.

तिरपागडा

वैदूबाई, मी आत्ता मोजली. ९७. सेंटिमीटर. पुरुषांसाठी किती असतं?

वैदूबाई

९०.

तिरपागडा

बरं.

टाचणी

मी कोल्हापुरात घरीच ब्लाऊज शिवते, तीसेक वर्षं झाली. वरचं डॉक्टरी मला कळत नाही, पण बायकांची मापं माझ्या वहीत आहेत. एकेका बाईची वीस-वीस वर्षांची.

पहिली गोष्ट, माप घ्यायला लागलं की बाई पोट आत घेते. मी काही बोलत नाही. टेप तशीच धरून शेजारचं काही विचारते, मुलाची परीक्षा, गॅस मिळाला का. बोलायला लागली की पोट आपलं बाहेर येतं. तेव्हा आकडा लिहिते. नाहीतर ब्लाऊज घेऊन परत माझ्याच दारात.

दुसरं म्हणजे, वय झालं की बाई नुसती रुंद होत नाही, तिचा घाट बदलतो. छातीचा उंचवटा खाली येतो, म्हणून टक्स, म्हणजे छातीपाशी घातलेल्या चुण्या, खाली घ्यावे लागतात. पाठीला थोडा पोक येतो, मग मागची उंची वाढवावी लागते, नाहीतर ब्लाऊज मागून वर चढतो आणि बाई दिवसभर तो खाली ओढत बसते. दंड वाढतो, मनगट आहे तेवढंच राहतं. दुकानात ३६ चा मागितला की बत्तीसचाच ब्लाऊज चारी बाजूंनी मोठा केलेला मिळतो. गळा खांद्यावरून घसरतो आणि दंड तेवढाच घट्ट. बाई म्हणते, माझंच अंग वेडंवाकडं. अंग कशाला वेडंवाकडं, कापणाऱ्यानं बाई बघितलेलीच नाही.

आणि अबोलीताई, तुमचा ब्लाऊज फेकू नका. जुन्या शिंप्यांनी शिवला असेल तर आत माया असणार, म्हणजे शिवणीच्या आत ठेवलेलं जादा कापड. आमच्या सासूबाई शिकवायच्या, लग्नाच्या ब्लाऊजला दोन्ही अंगांना दीड-दोन बोटं माया ठेवल्याशिवाय कात्री लावायची नाही. पोर आज आहे तशी राहणार नाही हे त्यांनी धरूनच चालायचं. आता गिऱ्हाईकच सांगतं, आत कापड नको, जाड दिसतं. ओव्हरलॉक मारून माया कापून टाकतात. मग वर्षात ब्लाऊज गेला.

काठापदर

टाचणी, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून लावणार आहे कपाटाला.

अवांतर, निफ्टनं, म्हणजे फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेनं, सहा शहरांत पंचवीस हजारांवर लोकांची थ्रीडी स्कॅनरनं मापं घ्यायचा प्रकल्प काढला होता, भारतीय साइझचा तक्ता करायला. इतकी वर्षं आपण अमेरिकन आणि ब्रिटिश मापांत बसायची धडपड करत होतो. स्कॅनरसमोर बायकांनी पोट आत घेतलं नसेल म्हणजे मिळवली.

सायंतारा

पोट बांधण्याबद्दल कुणीतरी नीट लिहा ना. माझं बाळ पाच महिन्यांचं आहे. आईनं सुती लुगड्याचा पट्टा घट्ट आवळून बांधला होता, चाळीस दिवस. तरी पोट तसंच. आता ती म्हणते, तू रात्री सोडत होतीस म्हणून.

वैदूबाई

आईला सांगा, तुझ्या पट्ट्यानं कंबरेला आधार मिळाला, बरं वाटलं, त्याबद्दल धन्यवाद. पट्ट्यानं चरबी वितळत नाही आणि गर्भाशय पट्टा न बांधताही सहा आठवड्यांत आपोआप आकसतं. पोटाचे मधले दोन उभे स्नायू गरोदरपणात एकमेकांपासून लांब जातात, काहींचे नंतर पूर्ण जवळ येत नाहीत. पाठीवर झोपून डोकं थोडं उचला आणि बेंबीपाशी मधोमध बोटं ठेवून बघा. दोन बोटांहून जास्त खळगा लागला तर फिजिओथेरपिस्टला दाखवा, आणि तोवर पोटाचे व्यायाम म्हणून सिट-अप्स (झोपून उठून बसणं) टाईप काही करू नका. फार आवळून बांधलं तर दाब खाली ओटीपोटाच्या तळाशी जातो, शिंकताना लघवी सुटते. ते कुणी कुणाला सांगत नाही.

सायंतारा

धन्स. शेवटच्या वाक्यासाठी जास्त.

वऱ्हाडी_ठेचा

वजनाचं झालं असेल तर रंगाचं बोलू का? मी २६ ची, अकोल्याची. स्थळं बघणं चालू आहे. बायोडाट्यात आईनं 'गव्हाळ' लिहिलंय, मी 'सावळी' म्हणत होते. मावशी म्हणे, गहू तरी कुठे इतका काळा असतो. मी म्हटलं, मग ज्वारी लिहा बावा.

दोन वर्षांपूर्वी पार्लरवालीनं एक क्रीम दिलं, डबीवर नाव नाही, पत्ता नाही. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला की घरात आनंदीआनंद. तिसऱ्या महिन्यात उन्हात गेलं की चेहरा पेटायचा, गालांवर लाल रेषा, हनुवटीवर केस. बंद केलं तर पुरळ फुटायचं, म्हणून परत लावायचे. त्वचेच्या डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, स्टेरॉइड. हे इतक्या जणींत दिसतं की भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला वेगळं नावच दिलंय, स्टेरॉइडनं बिघडलेला चेहरा म्हणून. २०१८ पासून अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. माझी डबी तर दुकानातून आलीच नव्हती.

मी सुटले म्हणायचं. २०२३ च्या सुरुवातीला आमच्याच अकोल्यातली बातमी होती, एकाच घरातल्या तिघींच्या किडन्या बिघडल्या. मुलगी, आई, बहीण. गोरं करायच्या क्रीममध्ये पारा निघाला. पारा त्वचेला रंग बनवू देत नाही, म्हणून उजळपणा येतो, आणि तोच अंगात शिरून मूत्रपिंडाची चाळण करतो. डबीवर ते लिहिलेलं नसतं.

मोडी

वऱ्हाडी_ठेचा, ज्वारीवर हसून झालं की अजिंठ्याला जाऊन या. पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या शेजारी जी राजकन्या आहे ती काळी आहे. सावळी, गव्हाळ, निमगोरी असले आडपडदे न घेता काळी. गळ्यात मोत्यांचे सर, डोक्यावर मुकुट, डोळे अर्धे मिटलेले. पाचव्या शतकातल्या चित्रकाराला तिला रंग कमी पडला असं वाटलेलं दिसत नाही. कंबर बारीक काढलीय, ते मात्र तेव्हाही सुटलं नव्हतं.

घराघरांतल्या भिंतीवरची लक्ष्मी गोरी कधी झाली, यात छापखान्याचा मोठा हात आहे. राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत शिळाप्रेस काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती कॅलेंडरांवर, आगपेट्यांवर, देवघरांत गेल्या. गोऱ्या, गोल हातांच्या, काठापदराच्या. एक लक्षात घ्या, त्या आजच्या मापानं भरलेल्या आहेत. दंड बघा त्यांचे. अबोलींचा ब्लाऊज त्यांनाही झाला नसता.

म्हणजे रंगाचा हट्ट टिकला आणि दंडाचा आदर्श मात्र शंभर वर्षांत उलटा झाला. 'फेअर अँड लव्हली' आपल्या बाजारात आली १९७५ मध्ये, आणि २०२० मध्ये तिच्या नावातला 'फेअर' जाऊन 'ग्लो' आला. ट्यूबवरचं नाव बदलायला पंचेचाळीस वर्षं लागली. मावशीला किती लागतील ते सांगता येत नाही.

ऱ्हाईनकाठ

जर्मनीहून लिहितेय. इकडे उलटी तऱ्हा. एप्रिलमध्ये पहिलं ऊन पडलं की माझ्या ऑफिसातल्या बायका बाकावर चेहरा वर करून बसतात, आणि ज्यांना ऊन परवडत नाही त्या पैसे देऊन दिव्यांखाली झोपून तपकिरी होतात. त्या दिव्यांनी कातडीचा कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेनं २००९ मध्ये नक्की केलं, आणि त्याच वर्षी इथे १८ च्या आतल्यांना बंदी झाली. बाकीच्या जातात. सहकारी मला म्हणते, तुझा रंग तुला फुकट मिळालाय. आणि मी गेल्या सुट्टीत डोंबिवलीला उतरले तेव्हा शेजारच्या काकूंचं पहिलं वाक्य, "काळवंडलीस गं, तिकडे तर ऊन नसतं ना?"

वयाचं मात्र इथे बरं आहे. सत्तरीची शेजारीण सायकलवर भाजी आणते आणि तिला कुणी 'या वयातसुद्धा!' म्हणत नाही.

काठापदर

'या वयातसुद्धा' वरून आठवलं. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये साठी ओलांडलेल्या लता करे नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. आमच्या ग्रूपवर दर महिलादिनाला त्यांचा फोटो येतो.

टाचणी

येतो आमच्याकडे पण. नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे नव्हते म्हणून धावली ती बाई. हौसेनं नाही. फोटोखाली 'वय हा फक्त आकडा' लिहितात तेव्हा मला राग येतो.

आजी_ऑनलाईन

मी ७४ वर्षांची. नातवानं टाइप करायला शिकवलं आहे, चुका झाल्या तर समजून घ्या.

केसांविषयी लिहिते. लहानपणी आमच्या घरी वडिलांची आत्या होती. तेराव्या-चौदाव्या वर्षी नवरा गेला. तेव्हापासून डोक्यावर लाल आलवण, आणि दर काही दिवसांनी न्हावी परसदारी यायचा. मी पाहिली तेव्हा ती सत्तरीच्या पुढे होती. एकदा तिला विचारलं, तुझे केस पांढरे कधी झाले? ती म्हणाली, मला काय ठाऊक, वाढूच कुठे दिले.

पुढे शाळेत शिकवायला लागल्यावर वाचलं की १८९० मध्ये मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी न्हाव्यांना एकत्र करून संप घडवला होता, विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही म्हणून. ही बातमी आमच्या परसदारापर्यंत पोचायला साठ वर्षं कमी पडली.

माझे केस चाळिशीत पिकू लागले. मी रंगवले नाहीत. लोकांना वाटलं साधी राहणी आहे, शिक्षिका आहे. खरं कारण आत्याबाई. आरशात पहिला पांढरा केस दिसला तेव्हा मला आनंद झाला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणाला पटलं नसतं. ज्यांना रंगवायचे त्यांनी खुशाल रंगवावे. माझी सून रंगवते, छान दिसतात.

खडीसाखर

आजी, डोळ्यांत पाणी आलं.

मोडी

वाचून थांबलो. आज आणखी काही लिहीत नाही.

वैदूबाई

आजींच्या प्रतिसादानंतर हे कोरडं वाटेल, पण रंगवणाऱ्यांसाठी लिहायलाच हवं. काळ्या रंगात आणि बाजारात मिळणाऱ्या 'काळ्या मेंदी'त पीपीडी नावाचं रसायन असतं. खरी मेंदी काळी नसतेच, ती विटकरी रंग देते. वीस वर्षं काही न होता एकदम एके दिवशी डोळे सुजून बंद झालेल्या बायका मी पाहिल्या आहेत. प्रत्येक वेळी आधी कानामागे ठिपका लावून ४८ तास वाट बघा. खोक्यावर लिहिलेलं असतं, वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा लावला की वय दिसतं, अशी एकूण अडचण.

एक पांढरा उपटला की दहा येतात, हे खोटं. प्रत्येक केसाचं मूळ आपलं आपलं असतं. पण सारखे उपटत राहिलात तर तिथे टक्कल पडेल.

तिरपागडा

टकलाचा विषय निघाला म्हणून बोलतो. माझं पस्तिशीत पडलं. थोडी थट्टा झाली, पण मला कुणी 'मनावर घे' म्हटलं नाही, लग्नही ठरलं. बायकोच्या वेळी माझ्या आईनं बायोडाट्यातली उंची दोनदा विचारली होती, आणि मुलगी सँडल काढून उभी राहील का असंही. मी तिथेच बसून पोहे खात होतो. हे आज पहिल्यांदा लिहितोय. वजनाचा माझा मुद्दा मात्र कायम आहे.

आणि हो, उठाबशा खुर्चीच्या, अकरा.

काठापदर

पोहे कसे होते?

तिरपागडा

कोरडे. पण त्याबद्दलही मी काही बोललो नव्हतो.

खडीसाखर

आमच्या सोसायटीचा मंगळागौरीचा ग्रूप आहे, सगळ्या पंचेचाळीस ते सदुसष्ट. श्रावणात महिनाभर कार्यक्रम असतात. बस फुगडी करून बघा म्हणजे वैदूबाईंची खुर्ची सोपी वाटेल. उकिडवं बसायचं आणि बसल्या बसल्या उड्या मारायच्या. नव्या सुना दोन मिनिटांत आडव्या होतात. आमच्यातल्या सदुसष्ट वर्षांच्या लीडर बाई, वजन म्हणाल तर पंचाहत्तर, शेवटपर्यंत टिकतात. मंचावर गेल्या की प्रेक्षकांतून कुणीतरी हमखास म्हणतं, 'जाड असून किती चपळ!' त्या नंतर माइक घेऊन म्हणतात, वर या, दोघी मिळून करू. अजून कुणी आलेलं नाही.

मी मात्र नऊच. गुडघा, बरं का, गुडघा.

अबोली५१

सगळ्यांना उत्तरं द्यायची राहिली, लग्नाची गडबड होती. क्रमानं नाही लिहीत.

खुर्ची: सोळा. कंबर: ८७. वैदूबाई, हा आकडा जाऊबाईंच्या बोलण्याइतका टोचला नाही, पण जास्त लागला. साखर तपासून घेतली, सीमेच्या अलीकडे आहे, थोडीशीच. पुढच्या महिन्यापासून आठवड्यातून तीन दिवस एकीकडे वजनं उचलायला जाणार आहे. रात्रीचं जेवते आहे.

केस रंगवले नाहीत. आजी, तुमचा प्रतिसाद मी जाऊबाईंना वाचून दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, त्यांच्या आजीचंही तसंच होतं.

भाजीवाल्याला मी 'काका' म्हणायला सुरुवात केली आहे.

आणि टाचणी, ब्लाऊज उसवला. तुमच्या सासूबाईंच्याच जातकुळीचा शिंपी असणार, एकेका अंगाला जवळजवळ दोन बोटं माया निघाली. आतला रंग अगदी कोरा डाळिंबी, बाहेरचा विटलेला, मध्ये जुन्या टाक्यांच्या भोकांची रेघ. आमच्याकडच्या शिवणाऱ्या ताईंनी सगळी सोडली. दंडाला मात्र पुरेना, तिथे काखेत शालूच्याच आतल्या टोकाचा तुकडा जोडला. हात वर होतो.

हुक पाच आहेत. चार लागले. पाचव्याच्या जागी सेफ्टी पिन लावली आणि वरून पदर घेतला.